लोखंडी नांगराचा कारागीर : कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर

हवेली, मावळ व खेड या तालुक्यांत आज असे शेतकऱ्याचे घर विरळाच सापडेल की ज्यातील एखादा मुलगा पिंपरी, भोसरी अथवा चाकण येथील कारखान्यात यंत्रावर उभा नाही. चाकणची कांद्या-बटाट्याची पेठ अद्यापि चालू आहे. परंतु तिच्या सभोवती मोटारींचे कारखाने उभे राहिले आहेत. अशा वेळी पुष्कळ वडिलांच्या मनात एक शल्य असते. मुलाने नांगराची मूठ सोडून हातात पाना धरला, म्हणजे तो शेतीस अंतरला व घराण्यास उणेपणा आला, असे त्यांस वाटते. ज्याने जन्मभर हत्यारच हाती धरले, परंतु ज्याच्या हत्याराने महाराष्ट्रातील लाखो एकर जमीन नांगरली गेली, अशा एका कारागिराचे चरित्र या वडिलांनी अवश्य पाहावे.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या खेड्यात झाला. संगीत नाटकांचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. लक्ष्मणराव कुळाने शेतकरी नव्हते. पण ते खेड्यात वाढले होते. शाळेच्या पुस्तकांत त्यांचे मन रमेना. चित्रे काढणे व वस्तू खोलून पाहणे यांतच त्यांस गोडी. म्हणून ते मुंबईस जे. जे. कलाशाळेत गेले. तेथे काही काळाने ध्यानात आले की, त्यांच्या दृष्टीस काही रंगांतील भेद नीट कळत नाही. चित्रकार होण्याची आशा खुंटली. दुसरा कोणी असता तर नशिबाला दोष देत घरी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेषा सोडली नाही. यांत्रिक आरेखन शिकून ते मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. तेथील यंत्रशाळेत रिकाम्या वेळी राबून त्यांनी आपला हात तयार करून घेतला.

पुढे बढतीची पाळी आली असता ती जागा त्यांस न मिळता एका अँग्लो-इंडियन गृहस्थास मिळाली. तेव्हा १८९७ च्या सुमारास त्यांनी नोकरीस रामराम ठोकला व बेळगावची वाट धरली. तेथे बंधू रामूअण्णा यांच्यासह १८८८ साली काढलेले सायकलींचे दुकान होते. सायकली विकाव्या, दुरुस्त कराव्या, लोकांस त्यांवर बसावयास शिकवावे, असा तो व्यवसाय. परंतु परदेशी माल आणून विकण्यात त्यांचे समाधान होईना. आपल्या देशात सर्वांत मोठा धंदा शेतीचा. तेव्हा जे करावयाचे ते शेतकऱ्याच्या उपयोगाचे करावे, असे त्यांनी ठरविले.

प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले. त्याचा लाभ आपणांस सांगावयास नको. अखंड कडबा बैलापुढे टाकला असता तो पाला खातो व बुडखा तुडवितो. बारीक केलेल्या कडब्याचे बूडही पोटात जाते. त्यानंतर १९०३ साली लोखंडी नांगर निघाला. आपला जुना लाकडी नांगर जमीन चिरतो, परंतु उलथीत नाही; हरळी व कुंदा यांच्या मुळ्या जागच्या जागीच राहतात. लोखंडी नांगराच्या फाळाने कापलेला मातीचा थर त्याच्या पंखावरून पालथा पडतो. तण गाडले जाते, खालची माती वर येऊन उन्हाळाभर तापते, आणि पहिला पाऊस ढेकळांच्या फटींतून खोलवर मुरतो.

परंतु हा नांगर घेतो कोण? लोखंडाच्या स्पर्शाने जमिनीस विष चढते, अशी त्या काळी समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली! येथे शेतकऱ्यास हसण्याचे कारण नाही. ज्याचे सारे वर्ष एका हंगामावर अवलंबून, तो नव्या वस्तूस सहजासहजी हात लावीत नाही, हे त्याचे शहाणपणच होय. लक्ष्मणरावांचा मोठेपणा हा की, त्यांनी गिऱ्हाइकास अडाणी ठरविले नाही व कारखानाही बंद केला नाही. धीर धरला, आणि अखेर जमिनीनेच साक्ष दिली.

धंद्यास थोडी गती आली तोच बेळगावातील जागा नगरपालिकेच्या योजनेपायी सोडण्याचा प्रसंग आला. या संकटात औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर जमीन व १०,००० रुपये कर्ज दिले. जमीन म्हणजे निवडुंगाचे रान व त्यात सापांची वस्ती. १० मार्च १९१० रोजी सुमारे २५ कामगार व त्यांची कुटुंबे यांसह लक्ष्मणराव तेथे राहावयास गेले. निवडुंग तोडून घरे बांधली, भट्टी पेटविली. आणि किर्लोस्करवाडी वसली. या वाडीत शिवाशिव पाळावयाची नाही, असा दंडक होता. नांगरामागून उसाचे चरक, पाण्याचे पंप अशी अवजारे तेथून बाहेर पडू लागली. १९२० साली तिची मर्यादित कंपनी झाली. आज ती वाडी सांगली जिल्ह्यात असून तेथे पंप तयार होतात.

वृद्धापकाळीही त्यांस कसोटीपासून सुटका नव्हती. जानेवारी १९४८ च्या अखेरीस महात्मा गांधींच्या वधानंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीस आग लावण्यात आली. तेव्हा लक्ष्मणरावांचे वय ७८ वर्षांचे होते. जन्मभराची कमाई जळताना पाहणे किती कठीण! तरी राखेतून कारखाना पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी त्यांनी देह ठेवला.

आमच्या भागाशी या चरित्राचा संबंध दूरचा नाही. त्यांचे चिरंजीव शंतनुराव यांच्या पुढाकाराने १९४६ साली खडकी येथे तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा कारखाना निघाला. अशा इंजिनांनी अनेक विहिरींवरील मोट उतरविली व बैलांचा खांदा हलका केला. पुढे मुळा नदीच्या अलीकडे, १९५४ साली पिंपरीस पेनिसिलिनचा कारखाना आला. मागून आकुर्डी, चिंचवड, भोसरी व शेवटी चाकण अशी रांगच लागली. त्यांत आमच्या जमिनी गेल्या, हे खरे. आणि गेलेल्या जमिनीचा पैसा पुष्कळ घरांत माडी, मोटार व लग्ने यांत विरून गेला, हेही तितकेच खरे. जमीन एकदा विकली म्हणजे संपली. हातातील कसब मात्र विकले जाते ते रोजच्या रोज, आणि तरीही शिल्लक उरते.

म्हणून शेतकरी बंधूंस एवढेच सुचवावेसे वाटते. जमिनीचा मोबदला हाती आला असता त्यातील पहिला वाटा मुलाच्या कसबास द्यावा. त्यास नुसती रखवालीची वा हजेरीची नोकरी शोधून देण्यापेक्षा कातारी, जोडारी, सांधणकाम यांपैकी एखादे काम पुरतेपणी शिकू द्यावे. आणि तो शिकून आला म्हणजे त्याने रविवारी बांधावर येऊन आपल्या पेरणीयंत्रात, मळणीयंत्रात काय उणे आहे ते पाहावे. शेतीचे अवजार सुधारणारा हात शेतीस परका नसतो. लक्ष्मणरावांनी स्वतः किती तास नांगरले हे कोणी विचारीत नाही. त्यांच्या नांगराने किती शेते पिकली, हे मात्र प्रत्येक शिवारास ठाऊक आहे.