जास्त लोखंड म्हणजे जास्त ताकद? स्पोर्ट्स कारच्या सांगाड्याबद्दलचे गैरसमज

इंग्लंडमधल्या हेथेलच्या लोटस कंपनीने १९९६ मध्ये एलिस ही दोन सीटची गाडी बाजारात आणली. तिच्या ॲल्युमिनियमच्या चेसिसचं वजन होतं जेमतेम ६८ किलो. इतक्या हलक्या सांगाड्यावर ती वळणांवर भल्याभल्या गाड्यांना मागे टाकायची, कारण कुठल्या तुकड्याने किती भार पेलायचा हे आधीच नेमून दिलेलं होतं. स्पोर्ट्स कारमध्ये ‘असू दे’ म्हणून ठेवलेला धातू फार थोडा असतो. त्यामुळे एका जागी कापलं, भोक पाडलं किंवा जोडलं, की भार दुसऱ्या जागी सरकतो. चाकं, सीट किंवा म्युझिक सिस्टिम बदलणं वेगळं आणि पिलर, फ्लोअर, सब-फ्रेम, क्रॅश बीम यांना हात घालणं वेगळं. या दुसऱ्या प्रकाराबद्दल गॅरेजमध्ये आणि गाडीवेड्यांच्या गप्पांत काही समजुती घट्ट बसल्या आहेत.

गैरसमज : सांगाडा जितका कडक, तितकी गाडी सुरक्षित.

वस्तुस्थिती : माणसं बसतात ती केबिन कडकच हवी. पण तिच्या पुढचा आणि मागचा भाग टकरीत चेपलाच पाहिजे. मर्सिडीजचे अभियंते बेला बारेनी यांची ही कल्पना १९५९ मध्ये त्या कंपनीच्या डब्ल्यू १११ गाड्यांतून रस्त्यावर आली. हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राचा आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने भिंतीवर गेलेली गाडी ६० सेंटिमीटर चेपून थांबली, तर सरासरी झटका सुमारे १६ जी बसतो, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या १६ पट. पुढे जाड पाइप वेल्ड केल्यामुळे ती ३० सेंटिमीटरमध्येच थांबली, तर तोच झटका ३३ जी होतो. गाडी कमी मोडलेली दिसेल. आतल्या माणसाच्या छातीवर आणि मानेवर मात्र दुप्पट भार येईल.

एअरबॅगचंही गणित याच चेपण्याशी बांधलेलं असतं. समोरच्या टकरीत ती उघडायची की नाही, हे गाडीतला संगणक साधारण १५ ते ३० मिलिसेकंदांत ठरवतो. त्यासाठी मूळ गाडी कशी चेपते, याच्या चाचण्यांतल्या नोंदी आधार असतात. मोठा इंटरकूलर बसावा म्हणून बंपरमागचा बीम काढून टाकला, तर संगणकाला ओळखीचे असलेले चेपण्याचे संकेतच बदलतात.

गैरसमज : नीट वेल्डिंग केलं की जोड मूळ धातूइतकाच पक्का होतो.

वस्तुस्थिती : साधं माइल्ड स्टील आणि कसलेला वेल्डर असेल तर हे बऱ्याच अंशी खरं आहे. ही समजूत माइल्ड स्टीलच्याच काळातून आली आहे. आजच्या अनेक गाड्यांचे बी-पिलर बोरॉन स्टीलचे असतात. हा पत्रा ९०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून साच्यात दाबतात आणि तिथेच झटक्यात थंड करतात. त्यातून त्याला सुमारे १५०० मेगापास्कलची ताकद मिळते. गॅस कटर किंवा वेल्डिंगची आच लागली की आजूबाजूचा भाग मऊ पडतो. रंग मारल्यावर बाहेरून काहीही कळत नाही. उष्णता देऊन कडक केलेल्या ॲल्युमिनियमचीही तीच गत: ६०६१-टी६ या नेहमीच्या मिश्रधातूची ताकद वेल्डजवळ निम्म्याच्या आसपास उतरू शकते.

एलिसमध्ये तर मुख्य चेसिस वेल्ड केलेलीच नाही. ॲल्युमिनियमचे पोकळ पट्टे इपॉक्सीने चिकटवलेले आहेत आणि कडेने जोड सुटू नये म्हणून जोडीला स्क्रू आहेत. तिथे वेल्डिंग केलं तर धातूच्याही आधी चिकटा जातो. म्हणूनच या चेसिसला मार लागला तर ती ठोकून सरळ करायची किंवा वेल्ड करायची नाही, थेट बदलायची, अशी लोटसची भूमिका आहे. मागची स्टीलची सब-फ्रेम बोल्टने बसवलेली असल्यामुळे ती मात्र सुटी काढून बदलता येते.

गैरसमज : बोटाएवढ्या भोकाने काय बिघडतं?

वस्तुस्थिती : रुंद पत्र्यावर ताण असताना गोल भोकाच्या कडेला तो तिप्पट होतो. जर्मन अभियंते किर्श यांनी हे १८९८ मध्येच गणिताने दाखवलं होतं. एकदाच भार आला तर पत्रा तो सोसेलही. पण प्रत्येक खड्डा, प्रत्येक ब्रेक, प्रत्येक वळण त्याच कडेवर घाव घालतं आणि काही वर्षांनी तिथूनच तडा सुरू होतो.

थकलेला पत्रा कसा फाटतो, हे बीएमडब्ल्यूच्या ई४६ पिढीतल्या एम३ ने दाखवून दिलं आहे. मागची सब-फ्रेम जिथे बॉडीला बोल्टने धरलेली असते, तिथला पातळ फ्लोअर इंजिनाच्या ओढीने पुन्हा पुन्हा पिळला जातो आणि त्याला तडे जातात. त्यावर जाड पाटा वेल्ड करणं हा उपाय योग्यच आहे, पण मूळ तडा तसाच ठेवून वर पाटा चढवला, तर भार पाट्याच्या कडेला जाऊन पत्रा तिथे फाटू शकतो. जाणकार कारागीर आधी तड्याची टोकं शोधतात, तो बुजवतात आणि मगच भार वरच्या मजबूत भागापर्यंत पोहोचवतात.

गैरसमज : छप्पर म्हणजे नुसता आडोसा, भार खालची चेसिस घेते.

वस्तुस्थिती : जुन्या जीपला किंवा ट्रकला हे लागू पडतं. मोनोकॉक गाडीत छप्पर, पिलर, फ्लोअर आणि दाराखालचे सिल मिळूनच सांगाडा होतो. झाकण काढलेला बुटांचा खोका हातात धरून पिळून पाहा. छप्पर कापलेल्या कूपेचं तेच होतं. दारं नीट लागेनाशी होतात, काचेला तडे जातात, वळणावर चाकं हवी तशी टेकत नाहीत. कंपनी स्वतः उघडी गाडी बनवते तेव्हा सिल आणि फ्लोअर जादा मजबूत करते, म्हणूनच बहुतेक कन्व्हर्टिबल त्याच मॉडेलच्या कूपेपेक्षा जड असतात. एलिसमध्ये चढताना पाय इतका उंच उचलावा लागतो, त्याचंही कारण तेच: छपराची ताकद तिच्या जाडजूड सिलमध्ये आहे.

गैरसमज : रोल केज, म्हणजे केबिनमधला स्टीलच्या नळ्यांचा पिंजरा, बसवला की काळजी मिटली.

वस्तुस्थिती : एफआयए या मोटर स्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या नियमांत मुख्य रोलबारसाठी ४५ × २.५ किंवा ५० × २ मिलिमीटरची, कोल्ड-ड्रॉन सीमलेस स्टीलची नळी लागते. पाय टेकतात तिथे किमान ३ मिलिमीटर जाडीचा आणि १२० चौरस सेंटिमीटरचा पाटा बॉडीला वेल्ड करावा लागतो. नाहीतर गाडी उलटल्यावर नळी पातळ फ्लोअरमधून आरपार घुसू शकते. फर्निचरच्या पाइपचा, दिसायला तसाच केज यातलं काहीच करत नाही. आणि खरा केजसुद्धा हेल्मेट, बकेट सीट आणि हार्नेस यांच्यासह वापरण्यासाठी असतो. रोजच्या रस्त्यावर उघड्या डोक्यापासून वीतभर अंतरावर असलेली स्टीलची नळी हाच नवा धोका होतो.

गैरसमज : गाडी माझी, पैसे माझे, बाकीच्यांचं काय जातं?

वस्तुस्थिती : भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ नोंदींपासून वेगळा होणारा बदल करता येत नाही, सीएनजी किटसारख्या मोजक्या बदलांना ठरलेल्या अटींवर मुभा आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर उघडकीला आला, तर दावा अडकू शकतो ते वेगळंच.

याचा अर्थ सांगाड्याला कधीच हात लावू नये असा नाही. ट्रॅकसाठीच वेगळी काढलेली गाडी नियमांप्रमाणे मजबूत करता येते आणि अपघातग्रस्त गाडीची दुरुस्ती तर करावीच लागते. अशा कामासाठी कंपन्यांचं बॉडी रिपेअर मॅन्युअल असतं: कुठे कुठलं स्टील आहे, कुठे कापायला परवानगी आहे, कुठला जोड स्पॉट वेल्डचा आणि कुठला चिकट्याचा, हे त्यात दिलेलं असतं. काम सुरू होण्याआधी कारागिराला आपल्या मॉडेलचं ते पान दाखवायला सांगावं. ते न पाहताच तो ग्राइंडर हातात घेत असेल, तर गाडी तिथून बाहेर काढावी.