लीलावतीला विचारलेले प्रश्न : मुलांसाठी लिहिलेली स्त्री-वैज्ञानिकांची चरित्रे

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या ग्रंथाची रचना इ.स. ११५० मधली. भुंग्यांचा थवा, कमळाच्या तळ्यातले हंस, बिळाकडे धावणारा साप आणि खांबावरचा मोर अशा प्रतिमांतून त्यात गणिते घातली आहेत, आणि त्यांतील अनेक गणिते एका मुलीला उद्देशून आहेत. ग्रंथ तिला हरिणाक्षी बालिका म्हणून संबोधतो आणि लगेच विचारतो : उत्तर सांग. ती कोण, कोणाची, तिचे पुढे काय झाले, याविषयी ग्रंथ काहीही सांगत नाही. ती आहे ती केवळ जिला प्रश्न विचारता येतो अशी व्यक्ती.

आज शाळेत सांगितली जाणारी लीलावतीची गोष्ट मात्र निराळी आहे. त्या गोष्टीत ती भास्कराचार्यांची मुलगी होते. तिच्या विवाहाचा एकच शुभ क्षण असतो, घटिकापात्राच्या छिद्रात तिच्या अलंकारातला मोती अडकतो, मुहूर्त टळतो, आणि दुःखी पिता तिच्या सांत्वनासाठी तिच्या नावाने ग्रंथ रचतो. ही कथा आढळते ती फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेत, म्हणजे मूळ ग्रंथानंतर चारशेहून अधिक वर्षांनी. भाषांतराच्या इतिहासात असे घडणे नवे नाही. पण येथे जे घडले ते आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाचे आहे. गणित सोडवणाऱ्या मुलीच्या जागी दैवाने फसवलेली मुलगी आली आणि गणित हे हुकलेल्या संसाराची भरपाई ठरले.

मुलांसाठी लिहिल्या जाणाऱ्या स्त्री-वैज्ञानिकांच्या चरित्रांत हेच स्थानांतर पुन्हा पुन्हा होते, असे मला म्हणायचे आहे. मुलाला तिला कोणी अडवले हे कळते. तिने काय शोधले हे कळत नाही.

या चरित्रांचा साचा मराठी वाचकाला परका नाही. महीपतींच्या ‘भक्तविजया’पासून (१७६२) आपण तो ओळखतो : भक्ताचा छळ, त्याची परीक्षा, देवाची धाव, आणि शेवटी निंदकांची शरणागती. आधुनिक बालचरित्रात देवाच्या जागी पदवी येते व शरणागतीच्या जागी पुरस्कार. साचा म्हणून तो वाईट नाही. मुलांना तो पटकन उमगतो आणि लेखकालाही सोयीचा पडतो. अडचण अशी की संतचरित्रात भक्तीचा विषय, म्हणजे विठ्ठल, प्रत्येक प्रसंगात हजर असतो. वैज्ञानिक स्त्रीच्या चरित्रात तिचा विठ्ठलच बहुधा गैरहजर असतो.

कमला सोहोनी यांचे उदाहरण पाहावे. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन कमला भागवत बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. केवळ स्त्री असल्याच्या कारणावरून सी. व्ही. रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला. त्यांनी आग्रह धरल्यावर एक वर्षाच्या अटीवर तो दिला. त्या वर्षाने रामन यांचे मत पालटले आणि पुढे मुलींना संस्थेचे दार उघडले. हा प्रसंग नाट्यमय आहे, सत्य आहे, आणि सांगितलाच पाहिजे. परंतु बहुतेक कथनांत तो चरित्राचा कळस होतो आणि १९३९ ची केंब्रिजची डॉक्टरेट एका वाक्यात उरकते. त्या प्रबंधाविषयी सांगितलेच तर एवढेच, की तो अवघा चाळीस पानांचा होता.

त्या चाळीस पानांत काय होते? पेशी श्वास घेते म्हणजे अन्नातून सुटणारे इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे सोपवत अखेर प्राणवायूपर्यंत पोचवते. हातोहात घागर पुढे सरकवणाऱ्या माणसांच्या रांगेसारखी ही साखळी असते. तिच्यातला एक वाहक म्हणजे सायटोक्रोम सी हे लोहयुक्त प्रथिन. प्राण्यांच्या पेशींत ते ठाऊक होते. कमलाबाईंनी बटाट्यापासून सुरुवात करून वनस्पतींच्या ऊतींमध्येही ते असल्याचे दाखवले. रस्सा ढवळणाऱ्या आईच्या हातात आणि त्यातल्या बटाट्यात श्वासाची एकाच जातीची यंत्रणा चालते, हे ऐकून दहा वर्षांचे मूल थबकणार नाही असे मला वाटत नाही. रामन यांच्या नकाराने त्याला राग येईल. बटाट्याने त्याला प्रश्न पडतील. पुढे मुंबईत कमलाबाईंनी नीरेच्या पोषणमूल्यावर काम केले, तेही याच घरगुती जिज्ञासेच्या वाटेवरचे आहे.

साच्याचा दुसरा परिणाम निवडीवर होतो. आनंदीबाई जोशी आणि कादंबिनी गांगुली या दोघींनी १८८६ मध्येच वैद्यकीय पदवी मिळवली, एकीने फिलाडेल्फियात, दुसरीने कलकत्त्यात. आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात निवर्तल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातील नेमणूक हाती होती, पण रुग्णसेवा घडली नाही. कादंबिनी १८९३ मध्ये एडिंबरोला जाऊन आणखी शिकल्या आणि १९२३ पर्यंत व्यवसाय करत राहिल्या. ‘बंगबासी’ या पत्राने त्यांची बदनामी केली, तेव्हा त्यांनी दावा लावला आणि संपादकाला तुरुंगवास झाला. रखमाबाईंचेही तसेच. १८८४ मध्ये सुरू झालेला त्यांच्यावरचा खटला आपल्याला ठाऊक असतो. १८९४ ची त्यांची पदवी, आणि त्यानंतर सुरत व राजकोट येथे तीन दशकांहून अधिक काळ त्यांनी केलेली वैद्यकी क्वचित सांगितली जाते. अकाली मृत्यू कथेला आकार देतो. तीस वर्षांची नोकरी देत नाही.

आनंदीबाईंच्या बाबतीत मराठीकडे चरित्राची मोठी परंपरा आहे. कॅरोलाइन डॉल यांचे इंग्रजी चरित्र १८८८ चे, काशीबाई कानिटकरांचे मराठी चरित्र त्याच शतकाच्या अखेरचे, आणि श्री. ज. जोशी यांची ‘आनंदीगोपाळ’ ही कादंबरी १९६८ ची. पहिली दोन्ही स्त्रियांनी लिहिलेली. तरी आज मुलांपर्यंत जी आनंदी पोचते ती मुख्यतः कादंबरीतल्या दांपत्याची. हिंदू समाजातील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता, चौदाव्या वर्षी जन्मलेले मूल दहा दिवसांत गमावणाऱ्या मुलीने तो निवडला होता, हा धागा बालचरित्रांत तुटलेलाच राहतो. ‘पहिली’ या विशेषणाविषयीही एक शब्द : जानकी अम्मल यांची मिशिगनची डॉक्टरेट १९३१ ची, कमलाबाईंची १९३९ ची, आसीमा चटर्जी यांची कलकत्ता विद्यापीठाची १९४४ ची. कोण कशात पहिली हे मोजण्यात पाने खर्ची पडतात आणि ऊस, बटाटा व औषधी वनस्पती, म्हणजे या तिघींचे विषय, मागे राहतात.

हे अटळ आहे काय? ईव्ह क्यूरी यांनी आईचे चरित्र १९३७ मध्ये लिहिले. ते भाबडे आहे, आणि काही गोष्टींवर त्यात सोयीस्कर मौनही आहे. पण त्यातली गळकी शेड, उकळती पात्रे, लोखंडी दांडीने ढवळला जाणारा पिचब्लेंडचा गाळ आणि टनावारी खनिजातून १९०२ मध्ये हाती आलेला रेडियम क्लोराइडचा दशांश ग्रॅम वाचक विसरत नाही. तेथे श्रम हेच कथानक आहे. २००८ मध्ये रोहिणी गोडबोले आणि राम रामस्वामी यांनी संपादित केलेल्या ‘लीलावतीज डॉटर्स’ या इंग्रजी संग्रहात सुमारे शंभर भारतीय स्त्री-वैज्ञानिकांविषयी लेखन आहे. शीर्षक फैजीच्या दंतकथेशी नाते सांगते. आतल्या अनेक लेखांत मात्र पुन्हा मूळ लीलावती, प्रश्नांपुढे बसलेली, भेटते.

मराठी लेखकापुढे आणखी एक भाषिक पेच असतो, जो इंग्रजी लेखकापुढे नसतो. ‘ती’ची ‘त्या’ केव्हा करायची? बंगालीत सर्वनामाला आदर आहे, लिंग नाही. मराठीत दोन्ही एकदम येतात आणि क्रियापदालाही ओढून नेतात : ‘गेली’चे ‘गेल्या’ होते. माझ्या वाचनातल्या बालचरित्रांत हा बदल बहुधा पदवीदानाच्या दिवशी होतो, क्वचित विवाहाच्या. म्हणजे मान संस्थेकडून येतो किंवा सासरकडून. वर्गात गोष्ट सांगणाऱ्या शिक्षकाने हे एकच स्थळ जाणीवपूर्वक निवडले, तरी कथनाचा तोल बदलतो.

ॲना मणी यांची गोष्ट मी या कसोटीवर सांगून पाहिली. १९१८ मध्ये त्रावणकोरमधील पीरमेडे येथे जन्म. आठव्या वाढदिवसाला घरच्या रीतीप्रमाणे हिऱ्याची कुडी मिळायची, तिने ती नाकारून विश्वकोश मागितला. येथवर सगळेच सांगतात. पुढे रामन यांच्याच प्रयोगशाळेत ती हिऱ्यांच्या आणि माणकांच्या प्रकाशदीप्तीचा अभ्यास करू लागली, हा योग मात्र पुष्कळदा निसटतो. दीप्ती इतकी मंद की छायाचित्रणाची काच पंधरा-पंधरा, वीस-वीस तास उघडी ठेवावी लागे. प्रबंध तयार झाला, एम.एस्सी. नाही म्हणून मद्रास विद्यापीठाने डॉक्टरेट नाकारली. नंतर इंग्लंडमधील शिक्षण, १९४८ पासून पुण्याच्या हवामान खात्यात काम, सुमारे शंभर उपकरणांचे प्रमाणित आराखडे, सौर प्रारणाच्या मोजणीची केंद्रे. उतारवयातील मुलाखतीत ‘स्त्री म्हणून सोसलेले’ सांगण्याची त्यांना उत्सुकता नव्हती. आपला साचा नायिकेनेच नाकारल्याचे हे दुर्मिळ उदाहरण. नाकारलेली डॉक्टरेट त्यामुळे पुसली जात नाही. मुलांना तीही सांगावी.

पदवीदान येथे नाहीच. म्हणून ‘ती’ची ‘त्या’ मी बंगळूरच्या अंधाऱ्या खोलीतच केली : वीस तास वाट पाहून ती काच उचलते, धुते, आणि त्या काचेवर हिऱ्याच्या वर्णपटातल्या रेषा त्यांना दिसतात.