पत्ता : बॅरॅक, सेक्शन, कॅम्प

कल्याणहून कर्जतकडे जाणारी लोकल पकडलीत की विठ्ठलवाडीनंतर उल्हासनगर लागतं. तुमच्यापैकी बरेच जण कधी ना कधी इथे उतरले असतील. कुणी स्वस्तातली जीन्स घ्यायला, कुणी बहिणीच्या लग्नाच्या खरेदीला, कुणी कॉलेजचं कपाट नाहीतर टेबल बघायला. खरेदी करून परतलात, ठीक. पण तिथे राहणाऱ्या एखाद्या मित्राचा पत्ता कधी नीट वाचलाय? बॅरॅक नंबर अमुक, रूम नंबर तमुक, सेक्शन इतकं, कॅम्प नंबर चार. मुंबईत वाडी असते, पुण्यात पेठ असते, इथे कॅम्प असतो. रिक्षावालासुद्धा 'कॅम्प तीन, कॅम्प तीन' असंच ओरडतो. पोस्टानेही पाच कॅम्पांना पाच पिनकोड देऊन टाकलेत, ४२१००१ ते ४२१००५.

लष्कर जाऊन पाऊणशे वर्षं उलटली, तरी लष्कराने टाकलेले नंबर अजून लोकांच्या आधार कार्डावर आहेत. हे असं का, त्याची ही गोष्ट. आणि ती वाटते तितकी जुनी नाही, तुमच्या आजीच्या वयाची आहे.

दुसरं महायुद्ध सुरू होतं. ब्रिटिशांना हजारो सैनिक मुंबई बंदरातून बाहेर पाठवायचे होते, बाहेरून आलेले आत न्यायचे होते. बोट मिळेपर्यंत किंवा पुढची गाडी लागेपर्यंत एवढ्या माणसांना ठेवायचं कुठे? रेल्वेचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. मुंबईहून येणारी लाइन कल्याणला फुटते. एक फाटा कसारा-इगतपुरीकडून उत्तरेला, दुसरा कर्जतहून पुण्याकडे. या दोन फाट्यांच्या बेचक्यात मोकळं माळरान, शेजारी उल्हास नदीचं पाणी. म्हणजे बंदर जवळ, दोन्ही दिशांच्या गाड्या दारात, आणि शहराची गर्दी नाही. लष्कराला यापेक्षा सोयीची जागा कुठली मिळणार! इथे उभा राहिला 'कल्याण मिलिटरी ट्रान्झिट कॅम्प'. २,१२६ बॅरॅका, सहा हजार सैनिक आणि त्यांच्या मागे-पुढे असणारी तीस हजार इतर माणसं, एवढी त्याची क्षमता. आजही शहाड स्टेशन एका फाट्यावर आणि विठ्ठलवाडी-उल्हासनगर दुसऱ्या फाट्यावर आहे, शहर मधे अडकलेलं आहे.

(ट्रान्झिट कॅम्पमध्ये नुसतं वाट बघत बसणं किती डोकं फिरवणारं असेल याचा पुरावा इंग्रजी भाषेत आहे. नाशिकजवळच्या देवळालीलाही ब्रिटिशांचा असाच जुना कॅम्प होता. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघून बघून सोल्जर तिथे वेडेपिसे व्हायचे, म्हणून डोकं फिरलेल्याला इंग्रज लोक अजून 'डूलाली' म्हणतात. आपल्या देवळालीचं हे इंग्रजी रूप.)

युद्ध संपलं, सैनिक गेले, बॅरॅका रिकाम्या पडल्या. त्या तशाच राहिल्या असत्या तर वारुळं झाली असती. पण १९४७ आलं.

फाळणी म्हटली की आपल्याला पंजाब आठवतो, कारण सिनेमे पंजाबचे आहेत. सिंधची गोष्ट वेगळी होती. पंजाब आणि बंगाल अर्धे-अर्धे झाले, त्यामुळे तिकडून आलेल्यांना निदान स्वतःच्या भाषेचं अर्धं राज्य तरी मिळालं. सिंध अख्खा पाकिस्तानात गेला. तिथल्या हिंदूंना भारतात 'आपलं' म्हणावं असं एकही गाव नव्हतं. सुरुवातीला बरेच जण थांबलेही, चार दिवसांत सगळं शांत होईल म्हणून. मग ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि राहिलेल्यांचा धीर सुटला. बोटी भरभरून माणसं मुंबईला येऊ लागली. मुंबईत आधीच जागेची मारामार. सरकारच्या हातात आयतं छप्पर होतं ते फक्त लष्कराच्या रिकाम्या कॅम्पांचं. मुंबई बंदरावर उतरलेल्या कुटुंबांना गाडीत बसवून कल्याणला आणलं गेलं आणि बघता बघता कॅम्पात लाखभर माणूस झाला. छत्तीस हजारांसाठी बांधलेली जागा, हे लक्षात असू द्या.

बॅरॅक म्हणजे काय, तर मधे एक लांबच लांब हॉल आणि दोन्ही टोकांना खोल्या. सैनिकांच्या ओळीने लावलेल्या खाटांसाठी बांधलेली वास्तू. तिथे आता सासू, सून, तान्ही पोरं, आजारी आजोबा अशी बिऱ्हाडं आली. हॉलमध्ये गोणपाट, चादरी, साड्या बांधून प्रत्येकाने आपला चौकोन आखला. पलीकडच्या बिऱ्हाडातलं भांडण, खोकला, रडणं सगळं अलीकडे ऐकू यायचं. पाण्याला रांग, रेशनला रांग, संडासला रांग. यातले कितीतरी जण सिंधमध्ये मोठ्या हवेल्यांमध्ये राहिलेले होते. हे सगळं तुम्हाला वाचायचं असेल तर नंदिता भवनानी यांचं 'द मेकिंग ऑफ एक्झाइल' नावाचं इंग्रजी पुस्तक आहे, लायब्ररीत शोधा.

८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी इथे आले, कोनशिला बसवली आणि नदीवरून नाव ठेवलं, उल्हासनगर. आता गंमत बघा. गोणपाटाच्या पडद्याआड राहणाऱ्या निर्वासितांच्या वस्तीचं नाव 'उल्हास'! सरकारी नामकरणात इतका विनोद क्वचितच सापडतो. पण निदान त्या दिवशी एक गोष्ट ठरली. ही तात्पुरती छावणी राहणार नाही, गाव होणार.

गाव झालं ते मात्र भाषणांनी झालं नाही. सरकारी मदत थोडे दिवस आली, मग आटली. लोकांनी घरात पापड लाटले, लोणची घातली, गोळ्या-बिस्किटं केली आणि लोकलमध्ये फिरून विकली. डब्यात गोळ्या विकणारी शाळकरी सिंधी पोरं तेव्हाच्या प्रवाशांच्या ओळखीची होती. बॅरॅकच्या पुढच्या भागात दुकान, मागे कारखाना, वर माळा काढून झोपायची जागा. उल्हासनगरच्या धंद्याचा हा साचा बॅरॅकने घडवला, आणि अरुंद गाळ्यांमध्ये तो अजून दिसतो. कापड, फर्निचर, मिठाई, तयार कपडे. पुढे कॅम्प पाचचा जीन्सचा धंदा इतका वाढला की देशभर माल जाऊ लागला.

'मेड इन यूएसए' हा विनोद तुम्ही ऐकला असेलच. यूएसए म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन'. डुप्लिकेट मालावरून शहराची यथेच्छ टिंगल झाली, अजून होते. त्यात खोटं काही नाही, नकली माल इथे बनला हे खरंच आहे. पण हातात भांडवल नाही, ब्रँड नाही, ओळखीचं कुणी नाही आणि पोट तर भरायचंय, अशा माणसाने दुसऱ्याची चालती वस्तू बघून तशीच बनवायला शिकणं यात मला हसण्यासारखं कमी आणि चक्रावण्यासारखं जास्त दिसतं. त्याच जीन्सच्या धुलाईने वालधुनी नदीचं पाणी निळं-काळं केलं, प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं, धुलाईचे कारखाने बंद करावे लागले. नदीचं नुकसान मात्र विनोदात काढण्यासारखं नाही.

आणि एक, तुम्ही कॉलेजात जाता म्हणून सांगतो. निर्वासितांनी दुकानांच्या बरोबरीने कॉलेजंही आणली. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजमधले प्राध्यापक इकडे आले आणि त्यांनी १९४८ मध्ये मुंबईत जय हिंद कॉलेज सुरू केलं. हैदराबाद (सिंध) इथलं नॅशनल कॉलेज १९४९ मध्ये वांद्र्याला पुन्हा उभं राहिलं. के. सी. कॉलेज त्याच मंडळाचं, आणि उल्हासनगर स्टेशनसमोरचं सीएचएम कॉलेजही. गाव सुटलं, घर सुटलं, तरी कॉलेज पुन्हा काढायचं सुचतं, हे मला भारी वाटतं. सिंधी भाषेला मात्र राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत यायला १९६७ उजाडलं. आज कॅम्पातली तुमच्या वयाची पोरं घरात सिंधी, नाक्यावर हिंदी आणि बसमध्ये मराठी बोलतात. सिंधी लिहिता येणारी त्यांच्यात शोधावी लागतात.

आता मुद्द्याची गोष्ट. बॅरॅक राहणाऱ्याची झाली कशी? १९५४ च्या विस्थापितांच्या नुकसानभरपाई कायद्याने तिकडे सोडलेल्या मालमत्तेचा दावा मंजूर झाला की त्याच्या बदल्यात इथली जागा नावावर करून घेता यायची. त्याची सनद मिळायची. ही सनद उल्हासनगरच्या घरांत देव्हाऱ्याजवळ ठेवलेली असते म्हटलं तरी चालेल. पण कुटुंबं वाढली. हॉलचा तुकडा मुलांत वाटला, मुलांनी वर मजला चढवला, मग बिल्डर आला आणि बॅरॅकच्या जागेवर चार-पाच मजले उभे राहिले. परवानग्यांचा पत्ता नाही. जेमतेम तेरा-चौदा चौरस किलोमीटरमध्ये २०११ च्या जनगणनेत ५,०६,०९८ माणसं मोजली गेली. २००५ च्या सुमारास ८५५ बेकायदा इमारती पाडायचा विषय उच्च न्यायालयात पेटला, तेव्हा सरकारने २००६ मध्ये खास उल्हासनगरसाठी बांधकामं नियमित करायचा कायदा केला. अख्खा कायदा एका शहरासाठी! तरी कागद वर्षानुवर्षं पुढे सरकले नाहीत.

कागद सरकत नाही म्हणजे काय होतं, ते मे २०२१ मध्ये दिसलं. पंधरवड्याच्या अंतराने दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. वरच्या मजल्याचा स्लॅब खालच्यावर, तो त्याच्या खालच्यावर. दोन्ही मिळून दहाहून अधिक माणसं गेली. इमारत धोकादायक आहे हे राहणाऱ्याला कळत असतं. पण ती सोडायची, तर जायचं कुठे? आणि पाडून नवी बांधायची, तर मूळ जागाच कागदोपत्री नीट नसेल तर बँक कर्ज देत नाही. तुमच्या वर्गात उल्हासनगरचं कुणी असेल तर 'पालिकेची नोटीस' हा शब्द उच्चारून बघा. तास-दीड तास बोलेल.

पण थांबा, याच कॅम्पाच्या पलीकडे लष्करी जमिनीची आणखी एक गोष्ट आहे, आणि ती उल्हासनगरच्या गोष्टीत सहसा येत नाही. कॅम्पापासून थोड्या अंतरावर, मलंगगडाच्या वाटेवर नेवाळी लागतं. युद्धाच्या काळात इथे विमानांसाठी धावपट्टी बांधली गेली. त्यासाठी आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांची सुमारे सोळाशे एकर जमीन घेतली होती. युद्ध संपलं, विमानं गेली, शेतकरी पुन्हा भात लावू लागले. त्यांचं म्हणणं, युद्धापुरती घेतलेली जमीन युद्ध संपल्यावर आमची. सरकारचं म्हणणं, ती संरक्षण खात्याची. दोन पिढ्या हे असंच चाललं. मग नौदलाने जमिनीला कुंपणाची भिंत घालायला घेतली आणि २२ जून २०१७ ला, ऐन पेरणीच्या दिवसांत, नेवाळी नाक्यावर भडका उडाला. रस्ते अडवले, पोलिसांच्या गाड्या जळल्या, पोलिस आणि शेतकरी दोघंही जखमी झाले, पोलिसांनी छर्ऱ्यांच्या बंदुका चालवल्या.

या दोन जमिनी शेजारी ठेवून बघा. एकाच युद्धाने घेतलेल्या, एकमेकींपासून काही किलोमीटरवर. एकीवर सिंधहून आलेल्या माणसाला सनद मिळाली, कारण त्याचं सगळं गेलं होतं आणि सरकारला त्याला वसवणं भाग होतं. दुसरीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आगरी शेतकऱ्याकडे कसायला शेत होतं, पण हातात कागद नव्हता. निर्वासिताला मिळालं म्हणून शेतकऱ्याचं गेलं असं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे, धावपट्टीवर निर्वासित वसलेच नाहीत. फरक पडला तो एवढाच की एका ठिकाणी १९४९ मध्ये कुणीतरी येऊन 'ही जागा आता नागरी' असं जाहीर केलं. दुसऱ्या ठिकाणी तसं जाहीर करायला कुणी आलं नाही.

बघायला जायचं असेल तर रविवार टाळा, बाजारात पाय ठेवायला जागा नसते. उल्हासनगर स्टेशनला उतरा, रिक्षा न करता चालत निघा. मूळ बॅरॅका आता फार उरल्या नाहीत, पण पुनर्बांधणी न झालेल्या गल्ल्यांत उतरत्या छपराची, लांबच लांब एका ओळीतली घरं दिसली की समजा, सापडली. मधेच एखादं तीन मजली घर त्याच ओळीतून डोकं वर काढून उभं असतं, रुंदी मात्र अजून त्या एका तुकड्याचीच. भूक लागली तर दाल-पकवान सकाळीच खा, अकरानंतर चांगलं मिळत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर चालिहाचे चाळीस दिवसांचे उपास सुरू असतील. कॅम्प पाचमधल्या चालिया मंदिरात सिंधमधून आणलेली ज्योत तेवते आहे, तिथे गर्दी दिसेल. तिथून नेवाळी नाका रिक्षाने फार लांब नाही. वाटेत भाताची शेतं लागतील. धावपट्टी कुठे होती, ते कुठल्याही शेतकऱ्याला विचारा.