फाटकाची वेळ आणि काट्याची वेळ

गेल्या हंगामाच्या अखेरीस एकाने पावती पुढे धरली. फाटकावर नोंद ९-४४ ची, वजन मात्र ९-४१ चे! "साहेब, गाडी यायच्या आधीच काटा झाला व्हय?"

वजन खरे होते, घड्याळे चुकली होती. आपले संगणक बाहेर इंटरनेटला जोडलेले नाहीत. प्रत्येकाचे घड्याळ दिवसाला सेकंद-दोन सेकंद सरकते, हंगामात मिनिटे होतात. दोन फाटकांची वेळ जुळली नाही, की आधी आलेली गाडी नंबरात मागे, आणि ऊस वाळतो तो सभासदाचा.

आता एक संगणक मुख्य केला आहे. बाकीचे त्याला वेळ विचारतात, निरोपाला लागलेला अवधी हिशेबात धरतात. १९८५ पासूनची ही एनटीपी पद्धत. मुख्याला वेळ मिळते छतावरच्या जीपीएसकडून. त्याला इंटरनेट लागत नाही.

तरी पावतीवर वेळ उलटी दिसली, तर गट ऑफिसात आणून दाखवा.