एक कंपनी, दोन दिवाळखोऱ्या

एप्रिल 2019. ॲमस्टरडॅमच्या विमानतळावर जेट एअरवेजचं बोइंग 777 थकबाकीपोटी जप्त झालं. आठवड्याभरातच कंपनीची सगळी उड्डाणं थांबली. मे महिन्यात डच न्यायालयाने जेटला दिवाळखोर ठरवलं, तर जूनमध्ये मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने इथली प्रक्रिया सुरू करताना तो डच आदेश चक्क धुडकावला. आपल्या 2016च्या दिवाळखोरी संहितेत परदेशी कार्यवाहीसाठी कलम 234 आणि 235 ही दोनच कलमं होती, आणि त्यांना लागणारा परस्पर करार नेदरलँड्सशी झालेलाच नव्हता.

मग विमान कोणाचं? तिथल्या घेणेकऱ्यांचं, की पगार थकलेल्या इथल्या कर्मचाऱ्यांचंही?

सप्टेंबरमध्ये अपिली न्यायाधिकरणाने दोन्हीकडच्या प्रशासकांमधला सहकार्य करार मान्य केला. कारभाराचं मुख्य केंद्र भारतात, म्हणून मुख्य प्रक्रिया इथली आणि डच प्रक्रिया दुय्यम. संयुक्त राष्ट्रांच्या 1997च्या नमुना कायद्याचं सूत्रही हेच. माझ्या मते कायद्यातली पोकळी समंजसपणे भरून काढणारा हा आदेश फार मोलाचा होता. जेट मात्र वाचली नाही. नोव्हेंबर 2024मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिची मालमत्ता विकून देणी भागवण्याचा आदेश दिला.