पेटी भंगारात देण्यापूर्वी

वरळीच्या बीडीडी चाळीतील ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १९२० च्या दशकात बांधलेल्या या चाळींत १६० चौरस फुटांच्या एकेका खोलीत पिढ्या वाढल्या, सामाईक संडासापुढे रांगा लावल्या. ते हाल संपले याचा आम्हाला आनंदच आहे. तरीही जुनी खोली सोडताना वडीलधाऱ्यांचे डोळे भरून येतात. मुले विचारतात, "त्या कोंदट खोलीसाठी रडायचे कशाला?"

मुलांनो, त्याच खोलीत गावाहून आलेल्या भावकीला आसरा मिळाला. पोरांचा अभ्यास व्हावा म्हणून रात्रपाळीहून आलेला बाप बाहेर व्हरांड्यात झोपला. खुद्द बाबासाहेब परळच्या बीआयटी चाळीत दोन खोल्यांत अनेक वर्षे राहिले. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात त्यांचे कपडे आणि टाइपरायटर कुणीतरी जपले, म्हणून आज आपण ते पाहू शकतो.

आपल्या घरचे कोण जपणार? नव्या घरात सारेच मावणार नाही. मोडका पलंग खुशाल भंगारात द्या. पण पत्र्याची पेटी आधी उघडा. गिरणीचा बिल्ला, आजोबांचा शाळेचा दाखला, मोर्चातला फोटो बाजूला काढा. फोटोच्या मागे नावे व साल लिहा. ते सांगणारी आजी आहे तोवर तिच्याजवळ घटकाभर बसा. कष्टकऱ्यांच्या घरचा इतिहास सरकारी दप्तरात थोडाच सापडतो. तो आपणच लिहून ठेवला पाहिजे.