पत्ता आणि पत

लहान व्यापाऱ्याचे खरे भांडवल म्हणजे त्याची पत. ईमेलने जाहिरात जवळजवळ फुकट धाडता येते. साहजिकच पत्त्यांच्या याद्या विकत घेऊन हजारो पत्रे पाठविण्याचा मोह त्याला होतो. परंतु खर्च येथे नाहीसा होत नाही. तो वाचणाऱ्याच्या वेळेवर पडतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने त्याची वसुली पाठविणाऱ्याकडून आरंभिली आहे. हजारी तीन पत्रे ग्राहकांनी ‘स्पॅम’ ठरविली, की त्याच व्यापाऱ्याची बिले आणि पावत्याही अडगळीत पडण्याचा धोका संभवतो. म्हणून संमती मिळाल्यावरच पत्र धाडावे आणि ‘नको’ म्हणणाऱ्याचे नाव तत्काळ वगळावे. शंभर राजी ग्राहक दहा हजार अनोळखी पत्त्यांहून मोलाचे. पत्ते बाजारात विकत मिळतात. पत मात्र कमवावी लागते.